शहरातल्या पेट्रोलियम पाइपलाइनचं काम : पर्यावरण देखरेखीच्या नोंदी

शहरातून जाणारी १२ इंची पेट्रोलियम पाइपलाइन. लांबी ४.२ किलोमीटर. बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने उघडा चर, आणि एका नाल्याखालून २६० मीटरचं आडवं ड्रिलिंग, म्हणजे एचडीडी. परवानगीतल्या पर्यावरणाच्या अटी जागेवर पाळल्या जातात का हे रोज बघणं, मोजणं आणि लिहून ठेवणं हे माझं काम. या कामावर नव्याने येणाऱ्याच्या हाती काहीतरी असावं म्हणून या नोंदी ठेवल्या. खोदाईला पहिला घाव बसला तो दिवस १ धरला आहे.

खोदाईच्या ९ दिवस आधी

अटींची फाइल वाचून काढली. निम्म्या अटी ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’ अशा आहेत. हे वाक्य मुकादमाला वाचून दाखवून उपयोग नाही. पंपाचा पाइप कुठे सोडायचा, डिझेल कुठे भरायचं, डंपर काठापासून किती खाली भरायचा, असं एकेका अटीचं काम होईपर्यंत ती लिहीत बसले. फाइलमधून शेवटी दोन पानं उरली. तीच रोज वापरणार.

७ दिवस आधी

मुकादमांबरोबर सगळी लाइन पायी फिरले. पावसाच्या पाण्याच्या गटाराचे ३८ चेंबर सापडले. प्रत्येकावर रंगाने आकडा घातला, झाकण उघडलं, काठी बुडवून गाळ किती आहे ते मोजलं, फोटो काढला. दोन पूर्ण दिवस गेले. साइट इंजिनिअर म्हणाले, काम सुरू व्हायच्या आधी कसली देखरेख? पण चेंबर क्रमांक १२ मध्ये आजच २८ सेंटिमीटर गाळ आहे. उद्या कोणी तो आमच्या नावावर टाकला तर माझ्याकडे उत्तर असेल, आणि तो वाढला तर आम्हालाही हात झटकता येणार नाहीत.

नाल्याच्या पाण्याचा गढूळपणा आमच्या कामाच्या वरच्या बाजूला १८ एनटीयू (गढूळपणाचं एकक), खालच्या बाजूला २०. हे सलग पाच दिवस, एकाच वेळेला मोजलं. आवाजाची मोजणी चार ठिकाणी, दिवसाची आणि रात्रीची वेगळी. धुळीची दोन यंत्रं.

दिवस १

पहिले ४० मीटर उघडले. चर ०.९ मीटर रुंद, १.८ मीटर खोल. म्हणजे दर मीटरला दीड घनमीटरहून जास्त माती, आणि उकरली की ती फुगते. ठरवलेल्या जागेत ढीग मावला नाही, दुपारपर्यंत तो गटाराच्या जाळीवर चढला. ढिगाची जागा काढताना फुगलेल्या मातीचा हिशोब करायला हवा होता, तो मी केला नव्हता. उद्यापासून उकरलेल्या मातीपैकी भरावापुरती चराजवळ ठेवायची, बाकीची त्याच दिवशी उचलायची.

दिवस ३

सकाळी धुळीचा आकडा एकदम वर. धावत गेले तर काम सुरूही झालं नव्हतं. दाट धुकं होतं. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं यंत्र पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतं. तेव्हापासून धुळीच्या रकान्याशेजारी आर्द्रतेचा रकाना. दुसरी चूक जास्त वाईट होती. दोन्ही यंत्रं साइट ऑफिसजवळ होती, कारण तिथे वीज आणि पहारा आहे. वारा मात्र ऑफिसकडून चराकडे वाहतो. तीन दिवस मी न आलेली धूळ मोजत होते. एक यंत्र वाऱ्याच्या खालच्या बाजूला घरांच्या रांगेशी नेलं, दुसरं वरच्या बाजूला तुलनेसाठी ठेवलं.

दिवस ६

चरात पाणी लागलं. पंप लावला, पाण्याच्या तोंडाला गाळपिशवी बांधली. गाळपिशवी म्हणजे जाड जिओटेक्स्टाइलची मोठी थैली: गाळ आत राहतो, पाणी झिरपून बाहेर येतं. पिशवी उताराच्या काठावर टेकवली होती आणि पंप तिच्या क्षमतेच्या मानाने मोठा होता. वीस मिनिटांत शिवण उसवली. चहाच्या रंगाचं पाणी चेंबर ९ मध्ये.

पंप बंद करायला सांगितलं तर ऑपरेटर म्हणाला, “ताई, बंद केला तर चर ढासळेल.” त्याचं खरं होतं. चरात वेल्डर होते. आधी माणसं वर काढली, मग पंप बंद केला. या सगळ्यात अकरा मिनिटं गेली आणि तेवढा वेळ गाळ जात राहिला.

नाल्यावर नमुने घ्यायला गेले तर वरच्या बाजूला ९५ एनटीयू आणि खालच्या बाजूला ६०. हे शक्यच नव्हतं. मग लक्षात आलं: मी आधी वरच्या बाजूला पाण्यात उतरले, माझ्याच पायांनी तळ ढवळला, आणि त्याच ढगात बाटली बुडवली. आजचे दोन्ही आकडे रद्द. ज्या दिवशी खरे आकडे सगळ्यात जास्त हवे होते, त्याच दिवशी ते माझ्याकडे नाहीत. याचं फार वाईट वाटलं.

दिवस ७

नमुन्याची पद्धत बदलली. आधी खालची बाजू, मग वरची. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, आपण ढवळलेला गाळ मागे वाहून जाईपर्यंत थांबायचं. मीटरची काचनळी पुसून घ्यायची आणि तिच्यातले बुडबुडे बसू द्यायचे. बोटाचा ठसा किंवा एखादा बुडबुडाही आकडा वर नेतो.

पंपाचं डोकं आता चराच्या तळाशी नाही. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये खडी भरून त्यात ते ठेवलं आहे, त्यामुळे चिखलाऐवजी वरचं पाणी खेचलं जातं. ही युक्ती मुकादमांची. पिशवी सपाट जागेवर, खाली खडीचा थर, आणि तिच्यापुढे वाळूच्या गोण्यांचा बांध. चेंबर ९ मधून १४ सेंटिमीटर नवा गाळ हाताने काढला. आधीचा आकडा होता म्हणून किती काढायचा ते कळलं.

दिवस ११

मोठं झाड, खोडाचा व्यास ४५ सेंटिमीटर. व्यासाच्या १२ पट त्रिज्या, म्हणजे ५.४ मीटरचं वर्तुळ खडूने आखलं. त्याच्या आत पोकलेन नाही. त्या पट्ट्यात फावड्याने खोदलं. बोटाएवढ्या जाड मुळ्या तशाच ठेवून पाइप त्यांच्या खालून सरकवला. उघड्या मुळ्यांवर ओली गोणपाटं. एक दिवस जास्त लागला.

दिवस १७

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण चूक पहिल्या आठवड्यातली आहे आणि पूर्णपणे माझी आहे.

शेजारच्या वस्तीतला एक मुलगा म्हणाला की तळ्याचं पाणी लाल झालंय. मी म्हटलं, आमचं पाणी तळ्यात जात नाही, नाल्यात जातं. तरी बघायला गेले. तळ्याच्या एका कोपऱ्यात, जिथे गटाराचा पाइप उघडतो, तिथे हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा मऊ लाल गाळ. आमच्या मुरमाचाच रंग.

चेंबर १९ मध्ये रंगीत पाणी सोडलं आणि दोघंजण दोन्हीकडे उभे केले. नाल्याकडे काही आलं नाही. नऊ मिनिटांनी तळ्यात आलं. १९ ते २४ हे सहा चेंबर उलट्या दिशेने वाहतात. मी झाकणं उघडली, गाळ मोजला, फोटो काढले, पण पाणी पुढे कुठे जातं ते शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिलं नाही. नकाशावरचा बाण खरा मानला. दहा दिवस नाल्याचे आकडे चांगले येत होते, मी ते समाधानाने लिहीत होते, आणि गाळ तळ्यात साठत होता.

हे काम करणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात प्रत्येक चेंबरमध्ये रंग सोडावा. एका चेंबरला पंधरा मिनिटं लागतात. वापरायचा रंग निरुपद्रवी असावा आणि ज्यांचं गटार आहे त्यांना आधी कळवावं, नाहीतर घाबरून फोन येतात. आम्हाला सहा आले.

दिवस १८ ते २१

उरलेले ३२ चेंबर रंगाने तपासले. आणखी एक चुकीचा निघाला. तळ्यातला गाळ काढायला यंत्र उतरवायचं असं आधी ठरत होतं. मी नको म्हटलं. यंत्राच्या पट्ट्यांनी तळाची जास्त नासधूस झाली असती. गोण्यांचा बांध घालून कोपरा वेगळा केला आणि सहा माणसांनी घमेल्यांनी तीन दिवस गाळ काढला. त्यातले दोन जण दिवस १ पासून चरावर होते. आपण खोदलेली माती इथे येऊन बसली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर जाळीवरचा ढीग बाजूला करायला मला कधी सांगावं लागलं नाही.

दिवस २६

काँक्रीटचा ट्रक चेंबर २७ शेजारी धुतला जात होता. पाण्याचा पीएच १२.३. हे पाणी जवळपास स्वच्छ दिसतं, म्हणून कोणाला धोका वाटत नाही, पण नाल्यातल्या जिवांना ते जाळतं. धुण्यासाठी प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला खड्डा केला. ड्रायव्हर रोज नवा असतो, म्हणून ट्रक आत येताना फाटकावरच खड्डा दाखवायची जबाबदारी पहारेकऱ्याकडे दिली.

दिवस ३१

चेनेज २+३४० ला, म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासून २ किलोमीटर ३४० मीटरवर, पोकलेनचा दात लोखंडाला लागला. नकाशात नसलेला जुना पाइप. त्याच्यावर काळा, चकाकणारा, ठिसूळ थर, आणि तो जिथे सोलला गेला तिथे खाली राखाडी तंतूंचं कापड.

वेल्डर ग्राइंडर घेऊन उतरायच्या तयारीत होता. मी ओरडून थांबवलं. जुन्या पाइपांवर कोल टार इनॅमल आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं फेल्ट गुंडाळायची पद्धत होती. ग्राइंडर लावला असता तर तंतू हवेत गेले असते, त्या माणसाच्या छातीत आणि शेजारच्या घरांतही. थर ओला केला, वर प्लॅस्टिक झाकलं, दहा मीटरवर दोरी बांधली.

मग वास आला. पाइपाखालच्या मातीला रॉकेलसारखा वास होता. माती झिप पिशवीत अर्धी भरली, बंद करून दहा मिनिटं उन्हाआड ठेवली, मग पिशवीला टोचून आतल्या हवेवर पीआयडी, म्हणजे इंधनासारख्या पदार्थांची वाफ मोजणारा हातातला मीटर, लावला: १४० पीपीएम. शेजारच्या स्वच्छ मातीला शून्याच्या आसपास. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पीआयडीच्या नेहमीच्या १०.६ ईव्ही दिव्याला मिथेन दिसत नाही. चरात उतरण्याआधीची स्फोटक वायूची तपासणी वेगळ्या मीटरने करावीच लागते. पीआयडी शून्य दाखवतोय म्हणून माणूस खाली सोडायचा नाही.

संध्याकाळी मुकादम बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, सकाळी वास येत होता. मला वाटलं यंत्राच्या डिझेलचा आहे.” सकाळपासून तिथली माती डंपरने बाहेर गेली होती.

दिवस ३२

किती डंपर? रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर आणि वेळ आहे. माती कुठल्या चेनेजची, हे नाही. काल दोन ठिकाणी खोदाई चालू होती आणि दोन्हीकडची माती एकाच सखल प्लॉटवर भरावाला गेली. वासाची माती बहुधा तीन गाड्यांत असावी. पण कुठल्या तीन, हे सांगता येत नाही.

प्लॉटवर जाऊन ढिगांत पीआयडी घेऊन फिरले. वरच्या थरातला वास रात्रीतून उडून गेलेला, आतला कायम. शेवटी काल गेलेल्या सगळ्या १७ गाड्यांची माती परत आणायचं ठरवलं. त्यावर मोठा वाद झाला. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या प्लॉटवर उद्या कोणाचं तरी घर उभं राहणार आहे, आणि त्या माणसाला हे कधीच कळणार नाही.

दिवस ३८

प्रयोगशाळेचा अहवाल आला. कापडात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. माणसं परवानाधारक, थर ओला ठेवून, दुहेरी पिशव्यांत, लेबल लावून गेला. परत आणलेली माती प्लॅस्टिकच्या अस्तरावर, वरून झाकून ठेवली आहे. तपासणीत तिच्यातली बरीच स्वच्छ निघाली, म्हणजे चौदा गाड्या विनाकारण दोनदा वाहिल्या. काम सहा दिवस बंद.

आजपासून प्रत्येक डंपरला चिठ्ठी: चेनेज, खोली, वेळ, वास आहे की नाही. चिठ्ठी भरायची पोकलेनच्या ऑपरेटरने, कारण मातीच्या सगळ्यात जवळ तो असतो. त्याला लिहिण्याचा कंटाळा आहे म्हणून रकाने खुणेचे केले. आणि वास आला तर यंत्र थांबवायचा अधिकार त्याला लेखी दिला. हा कागद मिळवायला मला चार बैठका लागल्या. पूर्ण कामातला माझा सगळ्यात उपयोगी कागद तोच.

दिवस ४४

नाल्याखालच्या ड्रिलिंगची तयारी. पाइपाचा बाहेरचा व्यास ३२३.९ मिलिमीटर, भोक साधारण ५०० मिलिमीटरपर्यंत रुंद करायचं. म्हणजे २६० मीटरमध्ये ५१ घनमीटर माती निघणार, ती बेंटोनाइटच्या राबडीतून वर येणार. बेंटोनाइट विषारी नाही, माती आहे. पण नाल्यात गेलं तर तळावर साय धरल्यासारखं बसतं आणि खालचे जीव गुदमरतात.

दोन्ही काठांवर एकेक माणूस, बोअरच्या रेषेवर. गोण्या, फावडी, सक्शन टँकर तयार. राबडीचा दाटपणा रोज मार्श फनेलने, म्हणजे ठरावीक मापाच्या नरसाळ्यातून ती उतरायला किती वेळ लागतो ते बघून: साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं, आपली राबडी ४५ ते ५० सेकंदांत.

दिवस ४९

सकाळी १०:२० पर्यंत सगळं ठीक. ताशी १२ घनमीटर राबडी आत जात होती, जवळपास तेवढीच परत येत होती. मग परतीचं प्रमाण घटून सातवर आलं. ड्रिलरने ते रजिस्टरात लिहिलं आणि काम चालू ठेवलं. जमिनीतल्या पोकळ्या भरताना थोडी राबडी मुरतेच. काठावरच्या दोघांना काही दिसलं नाही.

११:३५ ला रस्त्यापलीकडून एक बाई हाक मारत आल्या: नाल्यात चुना कोणी सोडला?

काठावरची माणसं बोअरच्या रेषेवर डोळे लावून उभी होती. राबडी वर आली ती रेषेपासून ११ मीटर बाजूला, झुडपात. तिथून जमिनीवरून चेंबर ३१ मध्ये आणि पाइपातून नाल्यात. झुडूप बाजूला केलं तर खाली मनगटाएवढं गोल भोक, त्यातून राखाडी राबडी संथपणे उसळत होती. इतकं गोल भोक आपोआप पडत नाही. मातीपरीक्षणासाठी आम्हीच काही महिन्यांपूर्वी घेतलेलं ते बोअर होतं. काम झाल्यावर ते ग्राउटने, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पातळ मिश्रणाने, भरायला हवं होतं. वरची दोन फूट माती ढकलून ते ‘भरलं’ अशी नोंद फाइलमध्ये आहे. ती नोंद मी वाचली होती. जागेवर जाऊन पाहिली नव्हती.

पंप थांबवला. भोकाभोवती गोण्या, चेंबर ३१ चं तोंड बंद, टँकर झुडपाशी. हिशोब लावला तर सव्वा तासात सहा घनमीटरच्या आसपास राबडी गेली. टँकरने चार उचलली. बाकीची काही जमिनीत, काही नाल्यात. नाल्याचा गढूळपणा खालच्या बाजूला ६४०.

दिवस ५०

नाल्याच्या तळावर ३५ मीटरपर्यंत राखाडी थर, कुठे बोटभर, कुठे फक्त पापुद्रा. जाड थर लाकडी फळीने हळूच ओढून, सक्शनच्या बारीक नळीने उचलला. पापुद्रा तसाच ठेवायचा निर्णय घेतला. तो खरवडताना खालचा मूळ गाळच उठत होता, हे पहिल्या दोन मीटरमध्ये दिसलं. हा निर्णय चुकीचा ठरला तर त्याची जबाबदारी माझी, म्हणून तिथे खुंटी मारून दर आठवड्याला फोटो.

दिवस ५२

मातीपरीक्षणाची पाचही भोकं शोधून काढली. दोन नीट भरलेली, तीन नाहीत. तिन्ही तळापासून वर ग्राउट केली. ड्रिलिंग अडीच दिवसांनी सुरू, कमी दाबाने, घट्ट राबडीने.

नियम बदलला: परत येणारी राबडी पंधरा मिनिटं सलग दहावर किंवा त्याच्या खाली राहिली की पंप थांबणार आणि माणसं दोन्ही बाजूंना २० मीटरच्या पट्ट्यात फिरणार. ड्रिलरचा विरोध होता. म्हणाले, “मॅडम, भोकात राबडी थांबली तर रीमर अडकतो.” रीमर म्हणजे भोक रुंद करणारं अवजार. म्हणून थांबायची कमाल वेळही ठरवली. दोघांनी सही केली. नंतर हा थांबा दोनदा लागला, दोन्ही वेळा काही निघालं नाही, आणि दोन्ही वेळा ड्रिलर स्वतः झुडपांत शोधत फिरले.

दिवस ५७, रात्र

पाइप ओढून घ्यायचं काम, पुलबॅक. सुरू केलं की मध्ये थांबवता येत नाही, भोक आवळतं. त्यामुळे रात्र होणार हे माहीत होतं. शेजारच्या घरांत दोन दिवस आधी कळवलं होतं. रस्त्याकडे ध्वनिरोधक पडदे. पडद्यामागे जमिनीवर ५८ डेसिबल. मला बरं वाटलं.

रात्री ११ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी वर बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. खिडकी उघडून म्हणाल्या, “तू इथे उभी राहून बघ.” मीटर धरला: ६९. खिडकीतून जनरेटर आणि राबडीचा पंप दोन्ही स्वच्छ दिसत होते. पडदा नजर अडवतो तिथेच आवाज अडवतो. तिसऱ्या मजल्याला तो नव्हताच. जमिनीवर उभं राहून मी फक्त माझ्या कानांपुरता आवाज मोजत होते.

दोन्ही यंत्रं सारख्या आवाजाची. एक बंद केलं असतं तरी तीनच डेसिबल कमी. म्हणून ती तशीच चालू ठेवून रिकामा कंटेनर क्रेनने उचलून मध्ये आणला आणि त्याच्यावर गाद्यांचा थर. एक्झॉस्ट उलट दिशेला वळवला. दोन तास गेले. खिडकीत ६१. आजी म्हणाल्या, आता झोप लागेल बहुतेक. पुलबॅक पहाटे ४:४० ला संपला.

दिवस ७३

हायड्रोटेस्ट, म्हणजे पाइपात पाणी भरून दाबाची चाचणी, झाली. दाब टिकला. आता पाणी सोडायचं. आतला व्यास सुमारे ३१० मिलिमीटर, म्हणजे दर किलोमीटरला ७५ घनमीटर, एकूण ३१६. पाणी बरेच दिवस पाइपात होतं आणि गंज येऊ नये म्हणून त्यात प्राणवायू शोषणारं रसायन होतं.

व्हॉल्व्हवरून नमुना घेतला: नितळ. कागदावर सगळं ठीक. पण याआधी तीनदा मी चुकीच्या जागी मोजलं होतं, म्हणून या वेळी थांबले. व्हॉल्व्हजवळच्या आखूड नळीत पाणी निवांत पडून असतं, त्यातला गंज खाली बसतो. पाच घनमीटर पाणी टाकीत काढून पुन्हा नमुना घेतला. विटकरी. गढूळपणा २१०. विरघळलेला प्राणवायू लिटरला ०.८ मिलिग्रॅम. माशांना साधारण ४ ते ५ तरी लागतो. पहिल्या नमुन्यावर विसंबून सोडलं असतं तर नाल्यात मासे वर आले असते.

दिवस ७४ व ७५

पाणी थेट नाल्यात नाही. आधी फवाऱ्याने उघड्या टाकीत, म्हणजे हवा मिसळते, तिथून गाळपिशवीत, तिथून खडीवरून नाल्यात. ताशी ४० घनमीटर ठरवलं होतं, पण तेवढ्या वेगात प्राणवायू ३ च्या वर जाईना. वेग निम्मा केला. आठ तासांचं काम सोळा तासांचं झालं, दोन दिवसांत विभागलं. प्राणवायू ५.६. पिगच्या, म्हणजे पाइप आतून साफ करत पाणी पुढे ढकलणाऱ्या बोळ्याच्या, पुढचा शेवटचा दाट गाळाचा लोंढा, सुमारे १० घनमीटर, वेगळ्या टाकीत घेऊन टँकरने प्रक्रियेला पाठवला.

दिवस ८०

नाल्यातल्या खुंटीपाशी पापुद्रा आता शोधावा लागतो. दगडांच्या कडांना अजून राखाडी आहे. खालच्या बाजूला २३ एनटीयू.

दिवस ९६

काल रात्री पहिला मोठा पाऊस. काम संपून, बॅरिकेड उचलून आठवडा झालाय. सकाळी काठी आणि जुन्या आकड्यांची वही घेऊन चेंबर १ पासून ३८ पर्यंत चालले. मुकादम स्वतःहून बरोबर आले.

३३ चेंबरमध्ये गाळ सुरुवातीइतका किंवा त्याहून कमी. पाचांत वाढ, सगळ्यात जास्त २१ मध्ये, ९ सेंटिमीटर. हा तळ्याकडे जाणारा. वर पाहिलं तर रस्त्याचा भराव दोन ठिकाणी बसलाय, तिथे डबकं साचून माती कडेने गटारात उतरते आहे. तळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. पाणी गढूळ होतं, पण पावसाने सगळीकडेच होतं, त्यामुळे आजच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. पाणी बसल्यावर, परवा, पुन्हा मोजायचं.

मुकादमांनी २१ च्या जाळीभोवती तिथल्या तिथे गोण्या लावल्या. खडी आणि रोलर उद्या सकाळी येतोय.